थर्मोस्टॅट : घामाचा नातलग

उपाहारगृहातल्या फ्रायरचं तेल धुरावू लागलं की कारागीर निदान करतो, ‘थर्मोस्टॅट गेला.’ हा शब्द अँड्र्यू यूर या स्कॉटिश रसायनज्ञाचा. १८३० साली पेटंट घेतलेल्या आपल्या उपकरणाला त्यानं हे नाव दिलं. दोन धातूंची जोडपट्टी तापली की वाकते, एवढंच त्यामागचं तत्त्व. ग्रीक ‘थर्मोस’ म्हणजे उष्ण, ‘स्टॅटोस’ म्हणजे स्थिर. संस्कृत ‘घर्म’ पहिल्याच्या कुळातला. त्याचा अर्थ उष्मा, आणि त्याचाच पुढे आपला ‘घाम’ झाला. ‘घ’ आणि ‘थ’ जुळतात कुठे, अशी शंका रास्त आहे. पण फारसीतून आलेला ‘गरम’ त्याच घरातला तिसरा साक्षीदार आहे. ‘स्टॅटोस’ तर उघडच ‘स्था’चा भाऊबंद.

नाव फसवं आहे, हा आक्षेप मात्र खरा. पट्टी वाकते, वीज तुटते, ताप जरा उतरतो, पुन्हा जोडणी होते. उष्मा स्थिर नसतो, ठरल्या आकड्याच्या आसपास झुलतो. त्या दृष्टीनं ‘तापनियंत्रक’ अधिक प्रामाणिक. तो पाठ्यपुस्तकात सापडतो. भटारखान्यात मात्र ‘थर्मोस्टॅट’च चालतो, आणि हल्ली पट्टीऐवजी इलेक्ट्रॉनिक संवेदक असला तरी नाव तेच.