घोड्यावर बसायला उंची किती लागते?

तर मंडळी, झालं असं की गेल्या जूनमध्ये ताई, भावजी आणि त्यांची दोन पिल्लं तीन आठवड्यांसाठी माझ्याकडे आली. मी इथे मेरीलँडमध्ये, वॉशिंग्टन डीसीच्या उंबरठ्यावरच्या एका उपनगरात ऑनसाइट. पाहुणे येणार म्हटल्यावर मी माझ्या स्वभावाप्रमाणे एक्सेल शीट वगैरे बनवून ठेवली होती. शनिवार : मोठ्ठं अम्यूजमेंट पार्क. रविवार : आराम. (आराम हा शब्द मुलांना लागू होत नाही, हे अविवाहित माणसाला कळायला वेळ लागतो.)

शनिवारी सकाळी डब्यात ठेपले, थर्मासमध्ये ताईचा चहा आणि मागच्या सीटवर दोन मुलांची मारामारी असा आमचा लवाजमा निघाला. थोरला आदित्य अकरा वर्षांचा, धाकटी चिऊ सहाची. चिऊने आठवडाभर यूट्यूबवर त्या पार्कातल्या रोलर कोस्टरचे व्हिडिओ बघून ठेवले होते. कुठलं वळण कधी येतं, हे तिला तोंडपाठ. पाऊण तास रांगेत उभं राहिलो. एकदाही कुरकुर नाही. आणि अगदी तोंडाशी गेल्यावर तिथल्या मुलाने तिला खांबाला टेकून उभं केलं. अठ्ठेचाळीस इंच हवेत. आमची चिऊ पंचेचाळीस.

झालं! आदित्य आणि भावजी आत गेले आणि चिऊ माझा हात धरून बाहेर. ती मोठ्याने रडली असती तर परवडलं असतं. पण ती नुसती मान खाली घालून चालत होती. मग एकदम म्हणाली, "मामा, मी रांगेत नीट उभी होते ना? मग मला का नाही?"

मी इंजिनिअरी थाटात समजावलं. बघ चिऊ, गाडीत बसल्यावर मांडीवर जो दांडा येतो ना, तो मोठ्या माणसांच्या मापाने केलेला असतो. गाडी उलटीसुलटी होताना बारीक मूल त्यातून सटकू शकतं. म्हणून माप. दोन वर्षांनी तू अठ्ठेचाळीसची झालीस की तुलाही घेतील. तिला ते पटलं असावं, कारण तिने लगेच विचारलं, "दोन वर्षांनी आपण परत येऊ?" मी हो म्हटलं. मामाचं काय जातंय हो म्हणायला!

पण रात्री झोपताना तिचा तो प्रश्न डोक्यात फिरत राहिला. कारण हाच प्रश्न, जवळपास याच वयाच्या एका मुलीचा, मी पूर्वी वाचला होता. मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यात मोठमोठ्या तात्त्विक मुद्द्यांच्या मध्येच ते एका बापाची अडचण सांगतात. अटलांटामध्ये फनटाउन नावाचं पार्क होतं. टीव्हीवर त्याची जाहिरात लागायची. किंग यांची सहा वर्षांची मुलगी विचारायची, आपण तिथे का जायचं नाही? आणि तिथे काळ्या मुलांना घेत नाहीत, हे तिला सांगताना बापाची जीभ अडखळायची. या प्रश्नाला दांड्याचं आणि मापाचं उत्तर नव्हतं. दोन वर्षांनी येऊ, असं सांगायचीही सोय नव्हती.

रविवारी आराम रद्द केला. चिऊला जिथे कोणी मापणार नाही अशा ठिकाणी नेऊ, म्हणून घरापासून वीसेक मिनिटांवरच्या ग्लेन एको पार्कला गेलो. तिथे एक जुना मेरी-गो-राउंड आहे, एवढंच मला माहीत होतं. बाकीचं तिथल्या पाट्या वाचून आणि घरी येऊन रात्री जागून कळलं. ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाहीये.

ग्लेन एको ही पोटोमॅक नदीकाठची जागा. १८९१ मध्ये इथे 'शटाक्वा' म्हणजे व्याख्यानं, संगीत, शिक्षण यांचं एक उन्हाळी केंद्र सुरू झालं. (आपल्या वसंत व्याख्यानमालेचा अमेरिकन मावसभाऊ म्हणा.) ते काही चाललं नाही. मग जागेचं करमणुकीच्या पार्कात रूपांतर झालं आणि १९११ मध्ये ते विकत घेतलं ट्रॉली, म्हणजे ट्रॅम, चालवणाऱ्या कंपनीने. यामागचं डोकं भारी होतं. कामाच्या दिवशी लोक ट्रॅमने जातात, सुट्टीच्या दिवशी गाड्या रिकाम्या. मग लाइनच्या शेवटच्या स्टॉपला एक पार्क टाका, लोक सुट्टीतही तिकीट काढतील! त्या काळात अमेरिकेत गावोगावी अशी 'ट्रॉली पार्क्स' निघाली. थोडक्यात, अम्यूजमेंट पार्क म्हणजे रिकाम्या सर्व्हरवर वीकेंडचा लोड टाकण्याची आयडिया. :)

इथला मेरी-गो-राउंड आला १९२१ मध्ये. फिलाडेल्फियाच्या डेंझेल कंपनीने बनवलेला, लाकडात हाताने कोरलेला. नुसते घोडे नाहीत. ससे आहेत, शहामृग आहेत, एक जिराफ, एक हरीण, एक सिंह आणि एक वाघ. बाजूला फुंकणीसारखा वाजणारा भलामोठा ऑर्गन. शहरातली दोन-तीन पिढ्यांची मुलं या घोड्यांवर बसून मोठी झाली. गोरी मुलं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. काळ्या मुलांना आत घेऊ नका, असा कुठला कायदा नव्हता. ते मालकांचं 'धोरण' होतं. आमची खाजगी जागा आहे, कोणाला घ्यायचं ते आम्ही ठरवू. आणि ही जागा अलाबामात किंवा मिसिसिपीत नव्हती. व्हाइट हाउसपासून दहा मैलांच्या आत होती.

३० जून १९६०. डीसीतल्या हॉवर्ड विद्यापीठाचे काही काळे विद्यार्थी पार्कात आले. सोबत काही गोरे मित्रही होते. त्यांनी आधीच तिकिटं काढून ठेवली होती. ती तिकिटं घेऊन पाच जण मेरी-गो-राउंडवर चढले आणि घोड्यांवर, इतर प्राण्यांवर जाऊन बसले. मेरी-गो-राउंड सुरू झालाच नाही. पार्कचा रखवालदार आला. त्याने तिथे असलेल्या लॉरेन्स हेन्री नावाच्या विद्यार्थ्याला त्याचा वंश विचारला. हे संभाषण रेकॉर्ड झालेलं आहे. हेन्रीने शांतपणे उत्तर दिलं की आपण मानववंशाचे. त्या पाच जणांना उतरायला सांगितलं, ते उतरले नाहीत, म्हणून अटक झाली. आरोप काय, तर दुसऱ्याच्या जागेत घुसखोरी.

विचार करा, विशीतली पाच पोरं. कॉलेजच्या सुट्टीत लहान मुलांच्या लाकडी घोड्यावर बसलीयेत. खाली गर्दी बघतेय. खेळ बंद आहे. संगीत बंद आहे. त्या न फिरणाऱ्या मेरी-गो-राउंडवर शांत बसून राहायला किती धीर लागला असेल!

पार्काच्या दारात निदर्शनं सुरू झाली, ती सगळा उन्हाळाभर. इथे मला सगळ्यात आवडलेला भाग येतो. जवळच बॅनॉकबर्न नावाची वस्ती होती, गोऱ्यांची, त्यातही बरीच ज्यू कुटुंबं. ही मंडळी रोज संध्याकाळी विद्यार्थ्यांबरोबर फलक घेऊन फिरू लागली. बायका बाबागाड्या घेऊन आल्या. त्यांच्या स्वतःच्या मुलांना आत मज्जाव नव्हता. तरी जोवर सगळ्यांना घेत नाहीत तोवर आम्हीही आत जाणार नाही, असं त्यांनी ठरवलं. समोरच्या बाजूला अमेरिकन नाझी पक्षाचे लोक विरोधी फलक घेऊन उभे राहायचे, तरी ही माणसं हटली नाहीत. शेवटी मार्च १९६१ मध्ये नवा हंगाम सुरू झाला तो सगळ्यांसाठी.

त्या पाच जणांपैकी ग्वेंडोलिन ग्रीन १९६१ च्या फ्रीडम राइड्समध्ये मिसिसिपीत जाऊन तुरुंगात राहिली आणि पुढे मेरीलँडची सेनेटर झाली. पण घुसखोरीचा खटला संपला नव्हता. तो थेट सुप्रीम कोर्टात गेला : ग्रिफिन विरुद्ध मेरीलँड. मुद्दा गमतीदार होता. तो रखवालदार काम पार्कसाठी करत होता, पण त्याच्या छातीवर बिल्ला होता डेप्युटी शेरीफचा. म्हणजे मालकाचं 'खाजगी धोरण' राबवायला हात सरकारचा! कोर्टाने म्हटलं, हे चालणार नाही. २२ जून १९६४ ला शिक्षा रद्द झाल्या. दहाच दिवसांनी, २ जुलैला, नागरी हक्क कायदा आला.

हे वाचताना मला महाड आठवलं. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकर चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर तळं सार्वजनिक नाहीच, खाजगी मालमत्ता आहे, असा दावा सवर्णांनी कोर्टात लावला. तो मुंबई हायकोर्टाने १९३७ मध्ये फेटाळला. दहा वर्षं! पाणी आणि करमणूक यांची तुलना नाही होऊ शकत, मान्य. पण दारात उभं राहून 'हे आमचं खाजगी आहे' म्हणणाऱ्याचा सूर दोन्हीकडे तोच आहे.

अजून एक. बाल्टिमोरजवळ ग्विन ओक नावाचं असंच एक पार्क होतं. तिथे १९६३ च्या जुलैमध्ये शेकडो लोकांनी अटक करून घेतली. त्यात पाद्री होते, रब्बी होते. शेवटी मालक तयार झाले आणि तारीख ठरली २८ ऑगस्ट १९६३. त्याच दिवशी डीसीत लिंकन मेमोरियलपुढे लाखोंच्या समोर किंग बोलत होते आणि इथे शॅरन लँग्ली नावाची अकरा महिन्यांची काळी मुलगी बाबांचा हात पाठीला घेऊन मेरी-गो-राउंडच्या घोड्यावर बसली. १९७२ च्या पुरानंतर ते पार्क बंद पडलं. पण तो मेरी-गो-राउंड १९८१ मध्ये डीसीच्या नॅशनल मॉलवर आणून बसवला. लिंकन मेमोरियल त्याच मॉलच्या दुसऱ्या टोकाला!

ग्लेन एकोचं पार्कही १९६८ च्या हंगामानंतर बंद झालं. घोडे विकले जाणार होते. आसपासच्या लोकांनी वर्गणी काढून मेरी-गो-राउंड परत मिळवला. नंतर वीस वर्षं खपून त्यावरचे रंगांचे थर खरवडून मूळ रंग पुन्हा चढवला. आता तिथे रोलर कोस्टर नाही, नाचाचे आणि मातीकामाचे वर्ग आहेत. हा एक खेळ तेवढा उरलाय.

रविवारी चिऊ आधी सशावर बसली, मग शहामृगावर. ताई खाली उभी राहून प्रत्येक फेरीला हात हलवत होती, जणू काही पोरगी विमानाने चाललीये. माझ्या शेजारून एक काळे आजोबा नातवाला जिराफावर चढवत होते. त्यांच्या वयाकडे बघून मी मनात वजाबाकी केली. १९६० मध्ये ते साधारण चिऊएवढे असणार. त्यांना काही विचारायचा मला धीर झाला नाही.

परत जाताना गाडीत मी मुलांना पाटीवर वाचलेली पाच जणांची गोष्ट सांगितली. आदित्य लगेच म्हणाला, "पण तिकीट होतं ना त्यांच्याकडे?" (हा मुलगा पुढे वकील होणार.) चिऊ बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं,

"त्यांची उंची कमी होती का?"

मी म्हटलं, "नाही गं. उंची पुरेशी होती."

"मग?"

काल माझ्याकडे उत्तर होतं. इंच होते, दांडा होता, दोन वर्षं होती. आज नव्हतं. भावजींनी आरशातून माझ्याकडे बघितलं. शेवटी ताईच म्हणाली, "चिऊ, त्यांना का घेत नव्हते याचं खरं कारण कोणाकडेच नव्हतं. म्हणून तर ते घोड्यावरून उतरले नाहीत."

चिऊने ते ऐकून घेतलं आणि ठेपला मागितला.

असो. तिकडे पुण्यात सध्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा वाढतायत म्हणे. ताईचा काल फोन होता : शेहेचाळीस झाले. मामाने शब्द दिलाय, तेव्हा तिकिटांसाठी आतापासून पैसे बाजूला ठेवायला हवेत.