जलद प्रतिपिंड चाचणी : विश्वासार्हता कशी पडताळतात?

विषाणूचा संसर्ग झाल्यावर त्याला प्रतिकार करण्यासाठी शरीर जी प्रथिने तयार करते, त्यांना प्रतिपिंडे किंवा अँटीबॉडी म्हणतात. जलद चाचणीत बोट टोचून घेतलेल्या रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला जातो आणि उमटणाऱ्या रेषांवरून काही मिनिटांत निष्कर्ष मिळतो. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. मात्र ही चाचणी विषाणूचा नव्हे, तर विषाणूला शरीराने दिलेल्या प्रतिसादाचा शोध घेते. हा फरक रोगनिदानात किती महत्त्वाचा आहे, हे २०२० मध्ये कोविड-१९च्या साथीत दिसून आले.

भारतातील अनुभव

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) ४ एप्रिल २०२० रोजी साथीचा उद्रेक असलेल्या भागांसाठी जलद प्रतिपिंड चाचणीची मार्गदर्शिका जारी केली. चीनमधील दोन कंपन्यांचे चाचणी संच राज्यांना देण्यात आले. राजस्थानातून तक्रारी आल्यानंतर अन्य राज्यांकडे विचारणा झाली. आरटी-पीसीआर चाचणीत बाधित ठरलेल्या रुग्णांच्या नमुन्यांत या संचांची अचूकता ६ ते ७१ टक्के इतकी भिन्न आढळली. २१ एप्रिलला दोन दिवस वापर थांबविण्याची सूचना देण्यात आली. प्रत्यक्ष पडताळणीनंतर २७ एप्रिलला संच परत करण्यास राज्यांना सांगण्यात आले.

दोन निकष

चाचणीचे मूल्यमापन प्रामुख्याने दोन निकषांवर होते. खऱ्या बाधितांपैकी किती जणांना चाचणी ओळखते, ही तिची संवेदनशीलता. बाधित नसलेल्यांपैकी किती जणांना ती अचूक वगळते, ही तिची विशिष्टता. संवेदनशीलता कमी असल्यास बाधित व्यक्ती निर्धास्तपणे इतरांत मिसळते. विशिष्टता कमी असल्यास निरोगी व्यक्तीला विनाकारण विलगीकरणात राहावे लागते.

दिवसांचे महत्त्व

प्रतिपिंडे तयार होण्यास वेळ लागतो. कॉक्रेन संस्थेने जून २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार, कोविडच्या प्रतिपिंड चाचण्यांनी लक्षणांच्या पहिल्या आठवड्यात सुमारे ३० टक्के, दुसऱ्या आठवड्यात ७२ टक्के, तर तिसऱ्या आठवड्यात ९१ टक्के बाधित ओळखले. त्यामुळे नमुना आजाराच्या कितव्या दिवशी घेतला, हे नमूद नसेल तर संवेदनशीलतेचा कोणताही दावा अपुरा ठरतो.

प्रादुर्भावाचा परिणाम

साथ किती पसरली आहे, यावरही निष्कर्षाचे मोल अवलंबून असते. उदाहरणार्थ, १०,००० लोकांत १०० बाधित आहेत आणि चाचणीची संवेदनशीलता ९० टक्के, तर विशिष्टता ९५ टक्के आहे, असे मानले तर ९० बाधित सापडतील. पण बाधित नसलेले ४९५ जणही सकारात्मक ठरतील. म्हणजे दर सहा सकारात्मक निष्कर्षांपैकी जेमतेम एक खरा असेल.

पडताळणीची रीत

चांगल्या पडताळणीत आरटी-पीसीआरने निश्चित झालेल्या रुग्णांचे वेगवेगळ्या दिवशी घेतलेले नमुने तपासले जातात. साथीपूर्वी साठविलेले रक्तनमुने तसेच अन्य संसर्ग असलेल्यांचे नमुनेही त्यात घेतले जातात. त्यांतून चुकीचे सकारात्मक निष्कर्ष उघड होतात. पट्टी वाचणाऱ्याला नमुना कोणाचा, हे सांगितले जात नाही. उत्पादनाच्या निरनिराळ्या तुकड्यांची तपासणी आणि प्रत्यक्ष वापराच्या ठिकाणची चाचणीही आवश्यक असते.

योग्य उपयोग

पूर्वी किती लोकांना संसर्ग होऊन गेला, हे जाणण्यासाठी प्रतिपिंड चाचण्या उपयुक्त ठरतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने विकसित केलेली ‘कोविड कवच’ ही प्रयोगशाळेत करावयाची एलायझा चाचणी मे-जून २०२० मधील राष्ट्रीय सर्वेक्षणात वापरण्यात आली. सकारात्मक नमुने दुसऱ्या एलायझा चाचणीने पुन्हा तपासण्यात आले. त्यातून प्रौढांमधील संसर्गाचे प्रमाण ०.७३ टक्के असल्याचा अंदाज निघाला. प्रमाण इतके अल्प असताना फेरतपासणी अपरिहार्य ठरते.

रुग्णाच्या दृष्टीने, आजाराच्या आरंभी नकारात्मक आलेली प्रतिपिंड चाचणी संसर्ग नसल्याची ग्वाही देत नाही आणि सकारात्मक चाचणी जुन्या संसर्गाचीही खूण असू शकते. सक्रिय संसर्गाच्या निदानासाठी विषाणूचाच शोध घेणारी चाचणी करावी लागते.