ग्रंथालयाचे मोल कशावरून ठरवावे?

महाविद्यालयाचे ग्रंथालय चांगले की सुमार, हे कसे ओळखावे? मुलाला किंवा मुलीला कॉलेजात घालताना आपण इमारत पाहतो, निकालाची टक्केवारी विचारतो. ग्रंथालयाविषयी विचारलेच, तर ‘पुस्तके किती?’ एवढेच. उत्तरादाखल मोठा आकडा कानी पडला की आपले समाधान होते. परंतु वाचकहो, हा प्रश्न अपुरा आहे, हे आपल्याच देशातील एका गणिताच्या प्राध्यापकाने जगाला पटवून दिले.

शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म १८९२ साली तंजावर जिल्ह्यातील शियाळी या गावी झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते गणित शिकवीत. जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली. भरलेल्या वर्गातून ते आले ते ओस ग्रंथालयात! तेथील एकांताला कंटाळून थोड्याच दिवसांत त्यांनी पुन्हा अध्यापनाकडे जाऊ देण्याची विनंती केली. आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून या, त्यानंतरही मन रमले नाही तर परत या, असे त्यांना सांगण्यात आले.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांना सेयर्स हे गुरू लाभले. तेथे त्यांनी अनेक ग्रंथालये पाहिली. समाजातील सर्व थरांचे लोक त्यांचा लाभ घेत होते. ग्रंथालय म्हणजे पुस्तकांचे कोठार नव्हे, तर ते शिक्षणाचे साधन आहे, ही जाणीव त्यांना तेथे झाली. १९२५ साली ते मायदेशी परतले ते ग्रंथपाल म्हणूनच. मद्रास विद्यापीठात त्यांनी पुस्तकांची कपाटे वाचकांना खुली केली आणि मदतीला जाणकार सेवक नेमले.

या अनुभवातून १९२८ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. १९३१ साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. सूत्रे साधी आहेत. पण प्रत्येक सूत्र म्हणजे ग्रंथालयाला विचारायचा एकेक प्रश्न होय.

पुस्तक वापरण्यासाठी असते, हे पहिले सूत्र. मग कपाटाला कुलूप का? दुसरे सूत्र सांगते, की प्रत्येक वाचकाला त्याला हवे ते पुस्तक मिळावे. मग मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाला समजेल असे पुस्तक तेथे आहे काय? तिसरे सूत्र असे, की प्रत्येक पुस्तकालाही त्याचा वाचक भेटावा. मग नव्या पुस्तकांची यादी फलकावर लागते काय? वाचकाचा वेळ वाचवावा, हे चौथे. एका पुस्तकासाठी खिडकीपाशी किती वेळ तिष्ठावे लागते? आणि पाचवे सूत्र म्हणजे ग्रंथालय ही वाढती, सजीव संस्था आहे. जुन्या अभ्यासक्रमाची पुस्तके काढून नवी आणली जातात काय?

१९५७ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने नेमलेल्या ग्रंथालय समितीचे अध्यक्षपद रंगनाथन यांच्याकडेच आले. विद्यापीठे आणि महाविद्यालये यांच्या ग्रंथालयांचा या समितीने विचार केला. १९७२ साली ते निवर्तले. पण त्यांचा विचार मागे राहिला.

पुढे इ. स. २००० च्या सुमारास अमेरिकेतील संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने टेक्सास ए. अँड एम. विद्यापीठाच्या सहकार्याने ‘लिबक्वाल’ नावाची पाहणी सुरू केली. तिची रीत ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रत्येक सेवेविषयी वाचकाला तीन गोष्टी विचारतात : निदान किती हवे, मनाजोगते किती आणि प्रत्यक्षात मिळते किती? मिळालेली सेवा ‘निदान’ या पातळीच्याही खाली गेली, तर सुधारणा कोठे हवी ते लगेच कळते. सेवकांची वागणूक, हवी ती माहिती मिळण्याची सोय आणि बसून अभ्यास करण्याची जागा, अशी तिची तीन अंगे आहेत. म्हणजे परीक्षा ग्रंथालयाची, पण परीक्षक वाचक! आपल्याकडेही १९९४ साली स्थापन झालेल्या ‘नॅक’ या संस्थेच्या मूल्यांकनात ग्रंथालयाचा विचार होत आला आहे. मात्र समिती येणार म्हणून झटकलेली धूळ समिती गेल्यावर पुन्हा बसत असेल, तर त्या मूल्यांकनाचा उपयोग काय?

पालकबंधुभगिनींनो, हा प्रश्न आपल्याला अधिक जवळचा आहे. ज्या घरात पुस्तकांचे कपाट आहे, त्या घरच्या मुलाचे कॉलेजच्या ग्रंथालयावाचून एक वेळ भागेल. पण ज्या घरातून पहिलाच मुलगा किंवा पहिलीच मुलगी कॉलेजची पायरी चढते आहे, तिला दुसरे कपाट कोणते? महागडे संदर्भग्रंथ, जुन्या प्रश्नपत्रिका, शांतपणे बसायला एक टेबल हे सारे तिला तेथेच मिळायचे. ग्रंथालय पाच वाजता बंद झाले, तर तिचा अभ्यासही पाच वाजता थांबतो.

यासाठी मोठा निधीच हवा असे नाही. कोणती पुस्तके मागूनही मिळाली नाहीत याची एक वही ठेवावी, वर्षातून एकदा विद्यार्थ्यांचे मत लेखी घ्यावे, परीक्षेच्या दिवसांत वेळ वाढवावी. विद्यार्थिमित्रांनीही कार्ड काढून न थांबता पुस्तक मागावे आणि न मिळाल्यास तसे लिहून द्यावे. मागणी नोंदलेली नसेल, तर खरेदी कशाच्या आधारे व्हावी?

तेव्हा पुढच्या खेपेस कॉलेजात जाल, तेव्हा ‘पुस्तके किती?’ असे विचारू नका. ‘गेल्या महिन्यात किती विद्यार्थ्यांनी पुस्तके नेली आणि किती रिकाम्या हातांनी परतले?’ असे विचारा. या प्रश्नाच्या उत्तरावरच ग्रंथालयाचे मोल ठरते.