ऐकणे आणि शिकणे

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून 'ऐकणे' याच विषयावर बोलावे, हे जरा धाडसाचे आहे. आपण सारे येथे ऐकण्यासाठीच जमलो आहोत. तासाभराने घरी गेल्यावर यातले किती हाती राहील, असा प्रश्न वक्त्याने विचारू नये, असा संकेत आहे. आज मात्र आम्हांला तो विचारणे भाग आहे. कारण आमच्या शहरातील हजारो कामगारांच्या शिक्षणाचा भार आता याच ऐकण्यावर टाकला जात आहे.

पॉडकास्ट हा शब्द आता नवा राहिलेला नाही. ध्वनिमुद्रित केलेले बोलणे इंटरनेटवरून आपल्या फोनवर घ्यावे आणि सवडीने ऐकावे, एवढाच त्याचा अर्थ. हा शब्द २००४ साली प्रथम छापून आला. पुढे फोन स्वस्त झाले, आणि २०२० च्या टाळेबंदीत माणसांना एकत्र बसवणेच अशक्य झाले, तेव्हा कचेऱ्यांनी व कारखान्यांनी आपले प्रशिक्षण भराभर फोनवर नेले. सुरक्षिततेचे नियम, यंत्राची निगा, मालाची तपासणी, सारे काही आता कानातून शिकता येईल, असे सांगितले जाते. हे साधन नवे आहे खरे. पण नुसत्या आवाजाने काम करणाऱ्या माणसाला त्याचे काम अधिक चांगले शिकवता येते काय, हा प्रश्न जुना आहे. त्याची एक काळजीपूर्वक परीक्षा १९५६ साली झाली, आणि त्या परीक्षेत आपला कोल्हापूर जिल्हा सामील होता, ही गोष्ट आज फारच थोड्यांच्या स्मरणात असेल.

तिकडे वळण्यापूर्वी आपली जुनी रीत ध्यानात घेऊ. कोल्हापूरच्या यंत्रोद्योगाचा पाया ज्यांनी घातला, त्यांत म्हादबा मिस्त्री यांचे नाव आदराने घेतले जाते. उद्यमनगरातले कसब पुस्तकातून आलेले नव्हते. पोरगा मिस्त्रीच्या हाताखाली राही, हत्यारे पुसून ठेवी, पाहता पाहता शिके, आणि चुकला की जागच्या जागी बोलणी खाई. फौंड्रीतल्या साच्याच्या वाळूत पाणी किती हवे, हे जाणता मोल्डर आजही मुठीत वाळू दाबून आणि तो गोळा मोडून पाहतो. हे ज्ञान बोटांत असते. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला, तो या जुन्या रीतीलाच मिळालेले कायद्याचे रूप होय. पण या रीतीला एक मर्यादा होती: मिस्त्रीला जे ठाऊक, तेवढेच शागीर्दाला मिळे. बाहेरच्या जगातले नवे ज्ञान खेड्यातल्या शेतकऱ्यापर्यंत किंवा गल्लीतल्या कारागिरापर्यंत न्यावे कसे? तेथे आवाजाचे साधन उपयोगी पडेल, असे स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात अनेकांना वाटू लागले.

कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची श्रवणमंडळे चालू होती. शेजारी एका घरी जमत, रेडिओवरचा कार्यक्रम ऐकत आणि नंतर त्यावर चर्चा करीत. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने हाच प्रयोग आपल्याकडे करावयाचे ठरवले. त्यासाठी त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्हे निवडले गेले: पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर. सुमारे दीडशे गावांत मंडळे निघाली. एका मंडळात वीसेक माणसे, एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. १९५६ च्या फेब्रुवारीपासून एप्रिलपर्यंत, दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, पुणे केंद्रावरून अर्ध्या अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम झाले. शेती, आरोग्य, शिक्षण, गावकारभार असे त्यांचे विषय होते. 'ऐका, चर्चा करा, कृती करा' हे या योजनेचे ब्रीद होते. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद होई आणि खरे काम तेथून सुरू होई. मंडळी बोलत, वाद घालत. निमंत्रक त्याचा वृत्तान्त लिहून केंद्राकडे धाडी. आणि मंडळांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांतून मिळत.

प्रयोग करणारांनी आणखी एक शहाणपणा केला. आपले कौतुक आपणच न करता त्यांनी परीक्षा दुसऱ्याकडे सोपवली. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने हे काम अंगावर घेतले आणि पॉल न्यूराथ हे समाजशास्त्रज्ञ त्याचे प्रमुख होते. त्यांचे वडील ऑटो न्यूराथ यांनी व्हिएन्नातल्या कामगारांना आकडेवारी समजावी म्हणून चित्रांची भाषा घडवली होती; तेव्हा श्रमिकांचे शिक्षण हा विषय या घराण्याला परका नव्हता. मंडळे असलेली गावे, मंडळ नसलेली पण रेडिओ असलेली गावे आणि रेडिओही नसलेली गावे, अशा तिन्ही प्रकारच्या गावांत, प्रयोगाच्या आधी आणि नंतर, लोकांना प्रश्न विचारण्यात आले. न्यूराथ आणि आकाशवाणीचे त्या वेळचे महासंचालक जगदीशचंद्र माथुर यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ साली प्रसिद्ध केला.

त्या अहवालाचा निष्कर्ष आजच्या प्रत्येक व्यवस्थापकाने भिंतीवर लावून ठेवावा, असा आहे. मंडळे असलेल्या गावांत लोकांचे ज्ञान ठळकपणे वाढले. नुसता रेडिओ असलेल्या गावांत ते फारसे वाढले नाही. म्हणजे आवाज दोन्हीकडे पोहोचू शकत होता. फरक होता तो आवाजाभोवती जमलेल्या माणसांचा. ऐकलेले जेव्हा शेजाऱ्यापुढे बोलून दाखवावे लागते, तेव्हा ते पक्के होते. 'आमच्या काळ्या रानात हे चालणार नाही' असे एकाने म्हटले की दुसरा आपला अनुभव सांगतो, आणि रेडिओवरचे सर्वसाधारण ज्ञान त्या गावाचे होते. यात चमत्कार काही नाही. पण साधन डोळ्यांपुढे चकाकू लागले की ही साधी गोष्टच आपण प्रथम विसरतो.

पुढे नेमके तेच झाले. १९५९ पासून ही योजना देशभर पसरवण्यात आली आणि मंडळांची संख्या हजारांवर गेली. परंतु पाच जिल्ह्यांत घेतलेली निगा देशभर राहिली नाही. संच मोजले गेले, मंडळे मोजली गेली. चर्चा होते की नाही, प्रश्नाला उत्तर जाते की नाही, हे पाहणारे माणूस प्रत्येक ठिकाणी मिळाले नाही. त्यातच ट्रान्झिस्टर आला. रेडिओ चावडीवरून प्रत्येकाच्या खांद्यावर गेला, आणि ऐकणे हे ज्याचे त्याचे झाले. आजचा कानात घालायचा यंत्रकर्ण हा त्याच वाटेवरचा शेवटचा टप्पा होय. शेजारी बसलेल्यालाही आता काही ऐकू येत नाही.

गेल्या वर्षी आम्ही येथल्या एका कारखान्यात गेलो होतो. सुरक्षिततेचे धडे कामगारांच्या फोनवर पाठवलेले होते. कोणी किती मिनिटे ऐकले, याचा तक्ता कचेरीत पडद्यावर दिसत होता आणि तो शंभर टक्के भरलेला होता. आम्ही एका तरुण कामगाराला विचारले, "धड्यात काय सांगितलं?" तो हसला. "भट्टीच्या आवाजात काय ऐकू येतंय व्हय, सर? टिक पडली की झालं." त्याला आम्ही दोष देत नाही. शिकवणे झाले की नाही, हे त्याला कोणी विचारलेच नव्हते. ऐकणे झाले की नाही, एवढेच विचारले होते. आणि फौंड्रीत अशा चुकीची किंमत तक्त्याला नव्हे, हातापायांना मोजावी लागते.

यावरून आम्ही या नव्या साधनाचे विरोधक आहोत, असे मात्र कोणी समजू नये. १९५६ च्या रेडिओला जे जमत नव्हते, ते यास जमते. न कळलेले वाक्य पुन्हा ऐकता येते. रात्रपाळीच्या माणसालाही धडा चुकत नाही. वाचनाची सवय सुटलेल्याला मराठीतून आणि बिहार-ओडिशाहून आलेल्या कामगाराला त्याच्या भाषेतून सांगता येते. प्रश्न विचारण्याची सोय तर टपालापेक्षा कितीतरी वेगवान झाली आहे. उणीव आहे ती मंडळाची.

म्हणून आमची सूचना साधी आहे. धडा फोनवर असू द्या. पण आठवड्यातून अर्धा तास पाळीच्या वेळेत, पगारी वेळेत, वीस माणसे एकत्र बसवा. त्यांतला एक निमंत्रक असावा. एखादा जुना मिस्त्री बाजूला असावा, म्हणजे वाळू मुठीत दाबून दाखवता येईल. जे प्रश्न निघतील ते लिहून धडा तयार करणाऱ्याकडे जावेत आणि पुढच्या आठवड्यापर्यंत उत्तर यावे. खर्च अर्ध्या तासाच्या मजुरीचा. तेवढाही ज्यांना परवडत नाही, त्यांनी आपण कामगारांना शिकवतो असे म्हणू नये. आपण नोंदवही भरतो, एवढेच म्हणावे.

आता तोच नियम आम्ही आम्हांलाही लावतो. आमचे बोलणे येथे संपले. अध्यक्षांनी अर्धा तास राखून ठेवला आहे; आपल्यापैकी ज्यांचे दिवस कारखान्यात, दुकानात, कचेरीत जातात, त्यांनी आमचे कोठे चुकले ते उठून सांगावे. निमंत्रक म्हणून लेखणी घेऊन आम्ही बसलो आहोत.