ट्रॅफिकमध्ये दुचाकी पुढे कशी जाते? फटीतून निघण्याचं गणित आणि त्यातला धोका

संध्याकाळच्या गर्दीत सिग्नल लाल झाला की कार आणि बस जिथल्या तिथे थांबतात. दुचाकी मात्र थांबत नाहीत. दोन कारमधल्या जागेतून, बसच्या कडेने, डिव्हायडरला लागून त्या हळूहळू पुढे सरकतात. मिनिटभरात सिग्नलच्या तोंडाशी दुचाकींचा घोळका जमतो आणि हिरवा दिवा लागताच तोच सगळ्यात आधी निघतो.

कारमध्ये बसलेल्याला ही घुसखोरी वाटते, दुचाकीवाल्याला हा आपला हक्क वाटतो. पण यात नेमका किती वेळ वाचतो, तो कुठे वाचतो आणि जीव कुठे धोक्यात येतो? दुचाकींचं शहर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पुण्याच्या उदाहरणातून समजून घेऊया.

पुण्यात इतक्या दुचाकी का?

पुणे एकेकाळी सायकलींचं शहर होतं. १९७२ साली बजाजची चेतक आणि कायनेटिकची लुना बाजारात आली. बजाज ऑटोचा कारखाना तर शेजारीच, आकुर्डीत. सायकलवरून लुनावर आणि लुनावरून स्कूटरवर येणं अनेक घरांना परवडू लागलं. पुढे शहर हिंजवडी, खराडी, सिंहगड रस्ता असं पसरत गेलं. घर आणि ऑफिस यांतलं अंतर वाढलं, पण त्या प्रमाणात बस वाढल्या नाहीत. पेठांमधले अरुंद रस्ते आणि पार्किंगची अडचण पाहता दुचाकीच सोयीची ठरली. आजही पुण्यात ‘गाडी’ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर आधी दुचाकीच येते.

दुचाकी फटीतून जाते म्हणजे काय होतं?

शहरी रस्त्यावर एक लेन साधारण साडेतीन मीटर रुंद धरली जाते. मध्यम आकाराची कार पावणेदोन मीटरच्या आसपास असते. म्हणजे दोन लेनमध्ये दोन कार आपापल्या लेनच्या मधोमध उभ्या असतील, तर आरसे धरूनही त्यांच्यात एक मीटरहून जास्त जागा उरते. स्कूटरचं हँडल साधारण पाऊण मीटर रुंद असतं. त्यामुळे ती सहज निघते.

मात्र दोन लेनच्या रस्त्यावर तीन कार शेजारी शेजारी आल्या, की ही जागा संपते. मग दुचाकी फुटपाथवर चढतात किंवा डिव्हायडरपलीकडून राँग साइडने जाऊ लागतात. थोडक्यात, चारचाकींनी लेन पाळली की दुचाकींना वाट आपोआप मिळते.

वाहतूक अभ्यासक या हालचालीला ‘सीपेज’, म्हणजे झिरपणं, असं म्हणतात. दगडगोट्यांच्या ढिगातून पाणी खाली झिरपावं, तशा लहान गाड्या मोठ्या गाड्यांमधून पुढे येतात. रस्त्याची क्षमता मोजतानाही हा फरक धरला जातो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एक कार म्हणजे १ एकक, तर एक दुचाकी ०.५ ते ०.७५ एकक मानली आहे.

वेळ नेमका कुठे वाचतो?

दुचाकीचा फायदा सुसाट जाण्यात आहे, असा अनेकांचा समज असतो. साधा हिशोब वेगळंच सांगतो.

समजा, दोन सिग्नलमध्ये ६०० मीटर अंतर आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने ते कापायला ५४ सेकंद लागतात. वेग ५० केला तर साधारण ४३ सेकंद. म्हणजे धोका पत्करून ११ सेकंद मिळाले. पुढचा सिग्नल लाल असेल, तर तेही तिथे उभं राहण्यातच जातात.

आता सिग्नलचा हिशोब पाहू. हिरवा दिवा लागल्यावर एका लेनमधून साधारण दर दोन सेकंदांना एक कार निघते. दिवा ४० सेकंद हिरवा राहिला, तर एका लेनमधून २० च्या आसपास कार सुटतात. पंचविसाव्या कारला पुढच्या हिरव्या दिव्याची वाट पाहावी लागते. सिग्नलची एक फेरी दोन मिनिटांची असेल, तर तिचा बराचसा भाग तिथेच जातो. त्याच रांगेच्या शेवटी आलेली स्कूटर थांबलेल्या गाड्यांमधून पुढे येते आणि पहिल्याच हिरव्या दिव्याला निघते.

कर्वे रस्ता किंवा सिंहगड रस्त्यासारख्या मार्गावर असे चार-पाच सिग्नल लागले, तर वाचलेली मिनिटं लक्षात येण्याइतकी होतात. म्हणजे दुचाकीचा खरा फायदा रांग थांबलेली असताना मिळतो. रांग चालू लागल्यावर फटीतून पुढे जाऊन हाती फारसं काही लागत नाही.

मग धोका कुठे आहे?

धोका त्याच फटीत आहे, पण गाड्या हलू लागल्यावर.

समोर काहीतरी आलं आणि चालकाला ब्रेक दाबायला एक सेकंद लागला असं धरलं, तर कोरड्या रस्त्यावर ताशी २० किलोमीटर वेगाची दुचाकी साधारण ९ मीटरमध्ये थांबते. ४० च्या वेगाला साधारण २३ मीटर लागतात. वेग दुप्पट झाला, पण थांबायला लागणारं अंतर अडीचपट झालं. दोन कारच्या मधे असताना बाजूला वळायलाही जागा नसते. पावसात ओले पांढरे पट्टे निसरडे होतात आणि पाण्याखालचे खड्डे दिसत नाहीत. तेव्हा हे अंतर आणखी वाढतं.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा मृत्यू झाला. त्यातले सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. हेल्मेट न घातल्याने दगावलेल्यांची संख्या ५० हजारांहून अधिक होती.

गर्दीतून वाट काढताना चार ठिकाणी विशेष जपावं लागतं:

- बसची डावी बाजू: चालक उजवीकडे बसत असल्याने डावीकडचा बराच भाग त्याला दिसत नाही. बस डावीकडे वळते तेव्हा तिची मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा आतून, फुटपाथच्या जवळून जातात. तिथे शिरलेला दुचाकीस्वार चिरडला जाऊ शकतो. शिवाय बसचे दरवाजेही याच बाजूला उघडतात.
- थांबलेली रिक्षा किंवा कार: रांग हलत नाही असं पाहून प्रवासी मधेच उतरतात आणि दार मागे न बघता उघडलं जातं.
- दोन मोठ्या गाड्यांमधली मोकळी जागा: तिथून रस्ता ओलांडणारा माणूस अचानक समोर येतो. कारवाल्याने जागा सोडली असेल, तर बहुतेकदा ती कोणाला तरी जाऊ देण्यासाठीच असते.
- शेजारची रिकामी लेन: आपली रांग थांबलेली आणि शेजारची चालू असेल, तर एखादी कार इंडिकेटर न देता तिकडे वळते. मधल्या जागेत असलेली दुचाकी तिला दिसतच नाही.

सुरक्षितपणे पुढे जायचं तर?

- रांग पूर्ण थांबलेली असेल तेव्हाच मधून जावं. गाड्या हलू लागल्या की जिथे असू तिथे एका लेनमध्ये यावं आणि कारसारखंच चालावं.
- मधून जाताना वेग इतका कमी असावा, की दोन-तीन मीटरमध्ये पाय टेकता येईल. म्हणजे जवळपास चालण्याइतका. दोन बोटं ब्रेकवर तयार असावीत.
- बस किंवा ट्रक आणि फुटपाथ यांच्या मधे शिरू नये. आपल्याला त्या चालकाचा चेहरा त्याच्या आरशात दिसत नसेल, तर त्यालाही आपण दिसत नाही.
- समोरच्या गाडीची फक्त मागची बाजू न पाहता तिची पुढची चाकं पाहावीत. गाडी कुठे वळणार ते चाकं इंडिकेटरच्या आधी सांगतात.
- स्टॉप लाइनच्या आत थांबावं. झेब्रा क्रॉसिंगवर गाडी उभी राहिली की पायी चालणाऱ्याला चालू वाहतुकीत उतरावं लागतं.
- हिरवा दिवा लागल्यावर लगेच सुटू नये. आडव्या रस्त्यावरून सिग्नल तोडून येणारी शेवटची गाडी याच क्षणी येते.

इतर देशांत काय नियम आहेत?

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्स राज्याने १ जुलै २०१४ पासून थांबलेल्या किंवा संथ गाड्यांमधून मोटरसायकल नेण्यास परवानगी दिली. वेगाची मर्यादा ताशी ३० किलोमीटर आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने २०१६ साली कायदा करून लेनमधून जाण्याला मान्यता दिली. त्याआधी, २०१५ मध्ये, बर्कले इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अभ्यासात एक महत्त्वाची गोष्ट दिसली होती. मोटरसायकलचा वेग आजूबाजूच्या गाड्यांपेक्षा ताशी २४ किलोमीटरहून जास्त झाला, की इजा होण्याचं प्रमाण वाढतं.

तैवानमध्ये सिग्नलला कारच्या रांगेपुढे फक्त दुचाकींसाठी चौकोन आखलेले असतात. दुचाकी तिथे थांबतात आणि आधी निघतात. जे आपल्याकडे रेटारेटीने होतं, त्याला तिथे रस्त्यावर आखून जागा दिली आहे.

आपल्याकडचा कायदा काय सांगतो?

आपल्याकडचा सर्वसाधारण नियम ओव्हरटेक उजवीकडून करण्याचा आहे. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८४ मध्ये लाल सिग्नल तोडणं, चुकीच्या पद्धतीने ओव्हरटेक करणं, वाहतुकीच्या विरुद्ध दिशेने गाडी नेणं आणि चालवताना मोबाइल हातात धरणं यांचा धोकादायक वाहन चालवण्यात समावेश आहे. पहिल्या गुन्ह्याला १ हजार ते ५ हजार रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कलम १२९ नुसार हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही लागतं.

रांग थांबलेली असताना मिळणारी मिनिटं दुचाकीस्वाराने जरूर घ्यावीत. रांग हलू लागल्यावर मात्र फटीत मिळतात फक्त काही सेकंद, आणि घरून दहा मिनिटं आधी निघालं तर त्यांची गरजही पडत नाही.