विणकाम, हौशी (बडोदे)

दोन सुयांवर किंवा क्रोशाच्या आकड्यावर लोकर अथवा सूत विणून आपल्या माणसांसाठी आणि स्वतःसाठी वस्तू करण्याचा छंद. येथे तो बडोदे (वडोदरा) शहरातील मराठी घरांच्या संदर्भात पाहिला आहे. हातमागावरच्या कापडाचा या नोंदीत विचार केलेला नाही. बडोद्यात जानेवारीतले किमान तापमान सरासरीने १२-१३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. स्वेटर लागतो तो संक्रांतीच्या आगेमागे काही आठवडे, तोही सकाळ-संध्याकाळ. हिवाळ्यात गुजरातेतल्या इतर शहरांप्रमाणे येथेही तिबेटी विक्रेत्यांचा बाजार भरतो आणि तयार स्वेटर हव्या त्या रंगात मिळतो. तरीही दांडिया बाजार, रावपुरा, कारेलीबाग, मांजलपूर या भागांतल्या घरांत सुया हलत राहिल्या, कारण इथले विणकाम देण्याघेण्याच्या रीतींशी बांधलेले आहे. बारसे, मुंज, लग्न, परदेशी निघालेली लेक, असा प्रसंग ठरला की लोकर घरात येते.

सुईवरच्या विणकामात एकच अखंड धागा फाशांतून नवे फासे काढत पुढे सरकतो, त्यामुळे शेवटचे टोक ओढले की सगळी वस्तू उसवता येते. मूळ टाके दोनच, सुलट आणि उलट. सगळ्या ओळी सुलट विणल्या की दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी जाडसर वीण होते. एक ओळ सुलट, एक ओळ उलट घेतली की पुढून गुळगुळीत आणि मागून दाणेदार पोत येतो, पण कडा गुंडाळल्या जातात. दोन सुलट-दोन उलट असे घेतल्यास ताणून पुन्हा जागेवर येणारी पट्टी मिळते, म्हणून मनगट, गळा आणि कमरेला तीच घालतात. क्रोशात एकच आकडा असतो आणि प्रत्येक टाका तिथल्या तिथे पुरा होतो. साखळी आणि खांब हे त्याचे मुख्य घटक. सुयांचे क्रमांक आपल्याकडे अजून जुन्या ब्रिटिश पद्धतीने बोलले जातात. आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक: ८ नंबरची ४ मिलिमीटर, १० नंबरची सव्वातीन. ‘पोनी’ छापाच्या सुया घराघरांत दिसतात. त्यांचे मूळ निलगिरीतल्या केटी येथे १९४९ मध्ये सुरू झालेल्या नीडल इंडस्ट्रीज या कारखान्यात आहे.

लोकरीचे विणकाम आणि क्रोशा या कला पश्चिम भारतात एकोणिसाव्या शतकात मिशनरी शाळा आणि इंग्रज कुटुंबे यांच्यामार्फत पसरल्या. मुलींनी शाळेत यायचे तर घरी दाखवता येईल असे काहीतरी हातात पडले पाहिजे, अशी त्या काळच्या पालकांची अपेक्षा असे, आणि शिवण-भरतकामाच्या तासाने ती पुरी केली. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये उभ्या राहिलेल्या सेवासदनातही शिवणाचे वर्ग होते. बडोद्यात हे सारे राजाश्रयाने झाले. सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९० मध्ये कलाभवन काढून रंगाई, विणाई, सुतारकाम यांचे रीतसर शिक्षण सुरू केले. १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले आणि या सक्तीतून मुलींना वगळले नाही. १९१४ मध्ये महाराणी चिमणाबाई (दुसऱ्या) यांच्या पुढाकाराने स्त्री उद्योगालय निघाले. बायकांना हाताच्या कामातून चार पैसे स्वतःचे मिळावेत हा त्यामागचा हेतू होता. याच चिमणाबाई १९२७ मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर कुलगुरू हंसा मेहता यांच्या काळात गृहविज्ञान शाखा आकाराला आली आणि वस्त्र व परिधान हा तिथे अभ्यासाचा विषय झाला.

या सगळ्या संस्थांनी हात तयार केले. पण हौशी विणकामाची खरी शाळा माजघरातच राहिली. उद्योगालयात वेळेला आणि मालाला हिशेब असतो. घरी चार महिने एका दुपट्यावर गेले तरी कोणी विचारत नाही, आणि या मोकळीकीमुळेच अवघड नमुने घरांतून जगले.

त्यांतले सर्वांत जपलेले काम म्हणजे बाळंतविडा. बाळबाळंतिणीला द्यायच्या या आहेरात डिंकाचे लाडू, बाळंतशोपा आणि लुगड्याबरोबर बाळाची झबली, टोपडी, कुंच्या, दुपटी असतात. बहुतेक कापडी वस्तू शिवलेल्या असल्या तरी एक जोड लोकरीचा हवाच, असा बडोद्याच्या जुन्या घरांत आग्रह दिसतो: स्वेटर, टोपडे आणि मोजे एका रंगाचे. बाळ मुलगा की मुलगी हे आधी ठाऊक नसल्याने पिवळा, पांढरा आणि पोपटी हे रंग चालत आले. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून विणणारी बहुधा आजी किंवा मावशी. बाळाची आत्या नाव ठेवते, तिच्याकडूनही टोपडे येते.

मोज्यांचा जोड कसा होतो हे पाहिले की या कामाची जात कळते. तीन पदरी लोकर आणि १० नंबरच्या सुया घेऊन ३६ टाके घालतात. दोन सुलट-दोन उलट अशी बारा ओळींची पट्टी झाली की नाडीसाठी जाळीची ओळ येते: एक सुलट, मग धागा पुढे घेऊन दोन टाके एकत्र, असे करत शेवटचा टाका सुलट. परत येताना उलट ओळ घेऊन ३६ टाक्यांचे बारा-बाराचे तीन भाग करतात. दोन्ही कडेचे भाग तसेच ठेवून मधल्या बारांवर सोळा सुलट ओळी विणल्या की पावलावरची जीभ तयार होते. तिच्या दोन्ही बाजूंनी आठ-आठ टाके उचलले की सुईवर ५२ टाके येतात. त्यावर आठ-दहा ओळी, मग टाच आणि बोटांपाशी टाके कमी करत बंद करायचे आणि तळ व मागची बाजू सुईदोऱ्याने शिवायची. सगळे काम तळहाताएवढे, आणि त्यात चूक लपत नाही. जीभ एका ओळीने जरी लांबली तरी दुसऱ्या मोज्याशी जोडी जुळत नाही. म्हणून पाठ झालेल्या बायकाही पहिल्या मोज्याच्या ओळी कागदावर टिंबे देत मोजतात.

अनुभवी हातांची आणखी एक सवय नोंदवण्यासारखी आहे. हातमोजे किंवा पायमोजे पुरे झाले की ते उलटे करून आत बोट फिरवून पाहतात. आत सुटा धागा राहिला तर तो तान्ह्याच्या बोटाला गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा अडू शकतो, आणि बाळ रडते ते कशाने हे कोणाला कळत नाही. याच कारणाने तान्ह्यासाठी मोठ्या जाळीचा नमुना टाळतात. दिसायला सुंदर असलेली जाळी आजी बाजूला ठेवते आणि साधी वीण निवडते. या निवडीत जी काळजी आहे ती कोणत्याही दुकानी चिठ्ठीवर लिहिलेली सापडत नाही.

गुजराती शेजाराने या रीतीला बळ दिले. गुजराती घरांतही बाळाचे नाव फोई म्हणजे आत्या ठेवते आणि झभलुं-टोपी आणते. पोळात किंवा वाड्यात भिंतीला भिंत असलेल्या घरांत नमुन्यांची देवघेव सहज झाली. मराठी बाईने लोकरीचे टोपडे द्यावे आणि शेजारणीकडून मोत्यांचे तोरण करायला शिकावे, असा हा व्यवहार. सौराष्ट्राच्या मोतीभरतातली कोनाकोनांची मांडणी आणि सुईवरच्या रंगीत विणीतली चौकटीची मांडणी मोजणीवरच उभी असते, त्यामुळे एका कलेतला मोर किंवा कुयरी दुसरीत नेणे अवघड जात नाही.

क्रोशाचे घर रुखवतात आहे. लग्नात वधूकडून मांडल्या जाणाऱ्या रुखवतात समईखालची गोल आसने, ताटावरचे रुमाल, देव्हाऱ्याचे तोरण, उशांच्या कडा, बटवे अशी मांडणी असे आणि ती वधूच्या हातची असावी अशी समजूत होती. प्रत्यक्षात निम्मे काम आई, काकू, मैत्रिणी करत. अलीकडे रुखवत भाड्याने किंवा तयार मिळते, आणि मांडणीपुरते ते पुरतेही. पण सासरी गेल्यावर वापरात राहतो तो घरी केलेला रुमालच. बारीक पांढऱ्या सुताचा क्रोशा घामट हवेत चांगला धुतला जातो, कांजी केल्यावर ताठ उभा राहतो, आणि वर्षातले दहा महिने उकाडा असलेल्या गावाला लोकरीपेक्षा तो अधिक सोयीचा आहे. मराठी बायकांच्या तोंडी त्याची कृती आजही ‘पाच साखळ्या, एक खांब, दोन घरे सोडून पुन्हा खांब’ अशी चालते आणि लिहिलेल्या कागदाविना एका पिढीकडून दुसरीकडे जाते.

साहित्याच्या बाबतीत बडोद्याचा एक वेगळा धागा आहे. आज ‘लोकर’ म्हणून विकला जाणारा बहुतेक धागा मेंढीचा नसून अ‍ॅक्रिलिकचा असतो, आणि या तंतूचा कारखाना शहराच्या वेशीवरच उभा राहिला. कोयलीची गुजरात रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशनने (आयपीसीएल) बडोद्याच्या संकुलात पुढे अ‍ॅक्रिलिक तंतू काढला. खनिज तेलापासून मिळणारे प्रोपिलीन, अमोनिया आणि ऑक्सिजन यांच्या अभिक्रियेतून अ‍ॅक्रिलोनायट्राइल होते. त्याचे प्रमाण किमान ८५ टक्के असलेल्या तंतूला अ‍ॅक्रिलिक म्हणतात. पुढे २००७ मध्ये ही कंपनी रिलायन्समध्ये विलीन झाली. हातविणकामाच्या गुंड्यांचा मोठा व्यापार मात्र लुधियानाचा, आणि वर्धमान, ओसवाल ही तिथलीच नावे इथल्या दुकानांत चालतात. अ‍ॅक्रिलिकला कसर लागत नाही, रंग पक्के राहतात, रोज धुता येते आणि ते स्वस्त पडते. उणेही आहे: घाम शोषला जात नाही, आचेजवळ ते वितळते, आणि गरम इस्त्री फिरली की विणीचा उठाव कायमचा मरतो. नवजात बाळाला उन्हाळ्यात अ‍ॅक्रिलिकचा स्वेटर घालणे केवळ फोटोसाठी होते. अशा वेळी सुती धाग्याचे झबले विणणे शहाणपणाचे, आणि नव्या विणकरांत ते रुजते आहे.

नमुने शिकण्याचे मार्ग बदलत गेले. पूर्वी हिवाळ्यात हिंदी मासिकांचे बुनाई विशेषांक येत आणि इमारतभर फिरत. भाषा हिंदी, गोष्ट मराठीत, शेजारीण गुजराती, तरी टाक्यांची मोजणी सगळ्यांना कळे. कागदापेक्षाही भरवशाचा असे तो विणलेला तुकडा: चार बोटे रुंद नमुना करून डब्यात ठेवायचा, कोणी मागितला की तो द्यायचा, पाहून टाके मोजता येतात. १९६२ च्या चीन युद्धात देशभर बायकांनी जवानांसाठी स्वेटर आणि मोजे विणले. बाळासाठी टाके मोजणाऱ्या हातांना तेव्हा अनोळखी माणसाच्या छातीचे माप घ्यावे लागले.

आता विणणाऱ्यांत नोकरी करणाऱ्या, शिकणाऱ्या मुली आणि काही मुलगेही आहेत. ते स्वतःसाठी विणतात: खांद्यावरची पिशवी, सुती शाल, क्रोशाची फुले, चाव्यांना लावायची लहान खेळणी. मोबाइलवर चित्रफीत पाहून शिकलेल्यांना टाका येतो, पण गळलेला टाका दहा ओळी खाली जाऊन क्रोशाच्या आकड्याने शिडीसारखा वर आणणे शेजारी बसूनच नीट समजते. प्रदर्शनांत अशा वस्तू विकायलाही येतात. तिथे दोन गोष्टी एकमेकींना छेदतात. तासांचा हिशेब धरला तर हाताने विणलेल्या स्वेटरची रास्त किंमत तयार स्वेटरच्या कितीतरी पट होते, आणि गिऱ्हाईक तेवढे देत नाही. म्हणून विकण्यासाठी लहान, लवकर होणाऱ्या वस्तू आणि देण्यासाठी मोठे काम अशी वाटणी पडली आहे. ‘घरबसल्या होते, म्हणून फुकटात करून दे’ अशी मागणी नातलगांकडूनही होते. ती नाकारण्याचा हक्क विणणारीला आहे, आणि तो मान्य करायला हवा.

परदेशी गेलेल्या मुलांनी या छंदाला पुन्हा ऊब मागायला लावली. अमेरिका-कॅनडात बाळंतपणाला जाणाऱ्या आज्या बॅगेत कानटोप्या आणि जाड मोजे नेतात. तिथल्या हिमात १० नंबरच्या सुईची नाजूक वीण पुरत नाही, म्हणून चार पदरी लोकर, ८ नंबरची सुई आणि दुहेरी पट्टी असा बदल बडोद्यातच करून ठेवावा लागतो. यंत्रात धुता येईल असाच धागा निवडावा, ही सूनबाईची सूचना बहुधा आधीच आलेली असते.

घरगुती विणकामाचे जुने नमुने हाती लागणे कठीण. बाळ वर्षभरात वाढते, जोड धाकट्या भावंडाला आणि मग चुलत भावंडांना जातो, शेवटी विरतो. मोठ्यांचा स्वेटर उसवून, लडी करून, धुऊन, खाली वजन बांधून धागा सरळ करतात आणि त्याचेच मुलाचे दप्तर किंवा पायपुसणे विणतात. म्हणून जुन्या बारशांचे फोटो हाच या कामाचा भरवशाचा पुरावा उरतो. कुंची पांघरलेल्या बाळाच्या छातीवर नमुना स्पष्ट आला असेल तर फोटो मोठा करून टाके आणि ओळी मोजता येतात, आणि काही घरांत पणजीचे टोपडे याच वाटेने पुन्हा सुईवर आले आहे.