मुंबई एफसी: खाली घसरला आणि थेट बंदच झाला

आजचा विषय फुटबॉलचा, पण खरं तर पैशांचा. एखादा क्लब वरच्या लीगमधून खाली घसरला, म्हणजे रेलिगेट झाला, तर पुढे काय होतं?

आधी इंग्लंडचं बघू. लीड्स युनायटेड 2004 मध्ये प्रीमियर लीगमधून खाली गेला. डोक्यावर प्रचंड कर्ज. मग खेळाडू विकले, ट्रेनिंग ग्राउंड विकलं, एलँड रोड हे स्वतःचं स्टेडियम विकून तिथेच भाडेकरू झाले. 2007 मध्ये तर तिसऱ्या पायरीवर पोचले. पण क्लब टिकला आणि 2020 मध्ये परत वर आला. काटकसर केली ती जगण्यासाठी.

आता या आपल्या महाराष्ट्रात. 2007 मध्ये एस्सेल ग्रुपने मुंबई एफसी सुरू केला. पुढच्याच वर्षी सेकंड डिव्हिजन जिंकून संघ आय-लीगमध्ये आला. होम ग्राउंड कूपरेज. 2009 पासून कोच होता खालिद जमील, जो आधी याच क्लबचा खेळाडू होता. ट्रॉफी नाही, मोठे स्टार नाहीत, पण दरवर्षी हा संघ कसाबसा वाचायचा. 2016 मध्ये खालिद आणि क्लब वेगळे झाले.

पुढचा हंगाम 10 संघांचा, प्रत्येकी 18 सामने. मधेच कोच बदलला, तरी मुंबई शेवटच्या नंबरवर. रेलिगेट! आणि मग खर्चकपात झालीच नाही. क्लबच बंद केला.

त्याच हंगामात चॅम्पियन कोण झालं? मिझोरामचा ऐझॉल एफसी. कोच? खालिद जमील!

आणि गंमत ऐका. 2015-16 मध्ये ऐझॉल स्वतःच रेलिगेट झाला होता. तेव्हा तळाला होता पुण्याचा डीएसके शिवाजियन्स, पण थेट प्रवेश घेऊन आल्यामुळे नियमाने त्याला अभय होतं. म्हणून वरचा ऐझॉल खाली गेला. पुढे गोव्याचे क्लब लीग सोडून गेले, जागा रिकामी झाली आणि ऐझॉल परत आत आला. डीएसके शिवाजियन्स? 2017 मध्ये तोही लीगबाहेर.

म्हणजे दोष फक्त रेलिगेशनचा नाही. महिंद्रा युनायटेडने 2005-06 मध्ये नॅशनल फुटबॉल लीग जिंकली, तरी 2010 मध्ये कंपनीने संघ बंद केला. पुणे एफसी 2012-13 मध्ये आय-लीगचा उपविजेता, 2015 मध्ये तोही गेला. हे क्लब कंपनीच्या हिशेबवहीतली एक ओळ होते. ओळ खोडली की क्लब संपला. इंग्लंडमध्ये खाली गेलेल्या क्लबला प्रीमियर लीग काही वर्षं पैसे देते, तिकिटं विकली जातात. इथे तिकिटाचं आणि टीव्हीचं उत्पन्न नावापुरतं, सगळा भार मालकावर. ऐझॉलच्या मागे मात्र अख्खं शहर उभं होतं.

खालिद जमील 2025 मध्ये भारतीय संघाचा कोच झाला. पण ज्या क्लबने त्याला कोच म्हणून घडवलं, तो आज अस्तित्वात नाही. आमखास मैदानावर बॉल मारणाऱ्या आपल्या पोरांनी हे लक्षात ठेवावं. उद्या संभाजीनगरचा क्लब निघाला, तर मालक कोण एवढंच विचारू नका. मालक निघून गेला तर तो चालवणार कोण, हेही विचारा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!